‘आलो’ म्हणणारी बाई

गौतमी इंगवलेनं कळंब्याच्या पुढचा तो फ्लॅट घेतला तो भांडायला सोयीचा म्हणून. लोक घर घेताना हवा-उजेड बघतात, पाणी बघतात, कुणी दिशा बघतात. गौतमीनं भिंत बघितली. जिच्यासमोर दिलेला शब्द कुणाच्या बापाला फिरवता येणार नाही, अशी भिंत तिला हवी होती, आणि तशी भिंत तेव्हा अख्ख्या कोल्हापुरात एकाच नव्या इमारतीत होती. इमारतीचं नाव होतं ‘वचन’.

घराच्या बाबतीत ती दोनदा पोळली होती. वडील गेल्यावर धाकट्या भावानं हक्कसोडपत्र पुढं केलं. “सही कर ताई. कागदाचं काय एवढं, घर तुझंच हाय की,” म्हणाला. तिनं सही केली. त्या दिवशी तिला साडी मिळाली, पुरणपोळीचं जेवण मिळालं, आणि वर्ष फिरायच्या आत भावानं गडहिंग्लजजवळचं ते घर विकून आईला इचलकरंजीच्या भाड्याच्या खोलीत नेऊन ठेवलं. लग्नानंतर तिनं आणि सत्यजितनं एका बिल्डरकडं फ्लॅट बुक केला होता. त्या गृहस्थानं तोंडानं लिफ्ट दिली, बाग दिली, पार्किंग दिलं; ताबा द्यायच्या वेळी मात्र “असं मी कुठं म्हणालो?” एवढंच दिलं. तो व्यवहार मोडला. तेव्हापासून गौतमीचा माणसाच्या तोंडावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

तिचं स्वतःचं तोंड दोन प्रकारचं होतं. बसस्थानकावर ती वाहतूक नियंत्रक. गाड्यांच्या घोषणा आता यंत्रच करायचं, पण जत्रेची गर्दी झाली किंवा यंत्र बिघडलं की माईक तिच्या हातात यायचा, आणि माईकवर ती छापील पुस्तकासारखी बोलायची. माईक खाली ठेवला की अस्सल कोल्हापुरी. “दमलो बाई,” म्हणायची, “चहा पिऊन येतो.” तिची आईही तशीच बोलायची, आजीही तशीच बोलायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

‘वचन’मधल्या भिंतीची गोष्ट अशी. काँक्रीट ओततानाच त्यात केसाएवढ्या बारीक काचेच्या तंतूंचं जाळं सोडलेलं असे. तंतूंमधून सतत प्रकाश फिरता ठेवायचा. भिंत नखभर जरी थरथरली, तरी परत येणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. पहिल्यांदा हे जाळं तडे आणि भूकंपाचे हादरे ओळखायला बसवलं होतं. मग इंजिनियरांच्या लक्षात आलं, की खोलीत माणूस बोलला तरी भिंत थरथरते, आणि त्या थरथरीतून त्याचे शब्द परत जुळवता येतात. घर घेणाऱ्यांच्या तक्रारींनी न्यायालयं तुंबलेलीच होती. सरकारनं कायदा केला: अशा भिंतीपुढं दिलेला शब्द लेखी कागदाच्या तोडीचा. एकदा बोललं की नाकारायची सोय नाही, कारण ती सोय ठेवली असती तर बिल्डर रोजच नाकारत बसले असते.

यावर मोठा गहजब झाला. घरात कॅमेरा नको म्हणणारे लोक भिंतीला कान कसे लावू देतील? मग तडजोड निघाली. आवाज ही माणसाची खासगी मालमत्ता ठरली. भिंतीनं आवाजाची ठेवण, म्हणजे पट्टी, घोगरेपणा, लकब, मुळातच पुसून टाकायची आणि नुसते शब्द ठेवायचे. तेही सगळे ठेवायचे नाहीत. रोजचं बोलणं दिवस मावळला की पुसायचं, आणि दिलेलं वचन, दिलेली परवानगी, सोडलेला हक्क एवढंच जपायचं.

आता आवाज पुसला, तर बोललं कोण हे कसं कळणार? इथं मराठीच मदतीला आली. आपल्या भाषेत माणूस ‘मी’ म्हणून गप्प बसला तर पत्ता लागत नाही, पण क्रियापद आलं की बाई का बुवा ते कळतं. येतो म्हणाला तर नवरा, येते म्हणाली तर बायको. घराचे मालक दोन, त्यांची नावं भिंतीला ठाऊक, काम सोपं. हे शिकवण्यासाठी भिंतीच्या मेंदूला पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि पुण्या-मुंबईच्या घरांतली संभाषणं पोटभर खाऊ घातली होती. कोल्हापूरकडच्या वाचकांना पुढचं सगळं आत्ताच दिसू लागलं असेल. त्यांनी जरा दम धरावा.

फ्लॅट बघायला गौतमी गेली तेव्हा बिल्डर निंबाळकर स्वतः हजर होता. सत्यजित मागं उभा राहून खिडकीतून दिसणारा तलाव बघत होता. तो साधा माणूस, एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. भांडणाची वेळ आली की त्याला नेमका तलाव दिसायचा.

“लिफ्ट ताब्याच्या आधी चालू करून देणार?” गौतमीनं विचारलं.

निंबाळकरानं हसून मान डोलावली.

“मान नको. भिंतीला मान दिसत नाही. तोंडानं बोला.”

“ताई, विश्वास ठेवा की जरा.”

“ठेवला असता तर इथं कशाला आलो असतो? बोला.”

“देतो,” निंबाळकर म्हणाला. दारामागच्या, भिंतीला जोडलेल्या पाटीवर लगेच हिरवी अक्षरं उमटली, आणि पाटी गोड आवाजात ती वाचूनही दाखवू लागली. पार्किंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, खिडक्यांच्या जाळ्या, एकेक ‘देतो’ तिनं त्याच्याकडून वसूल केला. जाताना त्याचा चेहरा दात काढून घेतलेल्या माणसासारखा झाला होता. पण सगळं वेळेवर दिलं, हेही खरं. घर उत्तम होतं. उजेड होता, ओल नव्हती, आणि आतल्या बाजूला एक छोटी खोली होती, सकाळचं ऊन येणारी. ती बघताक्षणीच गौतमीनं ठरवून टाकलं होतं, ही आईची.

राहायला गेल्यावर ‘वचन’चा दुसरा रंग दिसू लागला. घरात कुणी मोकळेपणानं बोलेना. वरच्या मजल्यावरच्या जोडप्यानं भांडण आलं की लिफ्टनं खाली जायचं, पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे उभं राहून भांडायचं आणि शांत चेहऱ्यानं वर यायचं, असा रिवाज पाडला. पार्किंग त्या इमारतीतली सगळ्यात जिवंत जागा झाली. नाती तिथंच तुटायची आणि तिथंच जुळायची. घरात सगळे पाहुण्यासारखे बोलायचे.

गौतमीला याचा काही त्रास नव्हता. वास्तू तथास्तु म्हणत असते, घरात वाईटवंगाळ बोलू नये, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. आता वास्तू खरोखरच म्हणत होती, एवढाच फरक.

घोटाळा वास्तुशांतीला झाला. सत्यजितचे थोरले भाऊ, सगळे त्यांना दादा म्हणत, साखर कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. जेवणं झाली, विडे झाले. दादा आतल्या खोलीत डोकावले आणि म्हणाले, “झकास खोली हाय. ऊन बघ कसलं पडतंय.”

“दादा, आपलंच घर समजा,” सत्यजित म्हणाला. “तुमचीच खोली ही. कधीबी या, कितीबी राहा. मी देतो म्हणतो ना.”

जगातल्या कुठल्याही यजमानानं म्हणावं असंच तो बोलला. पण पाटीवर हिरवी अक्षरं उमटली, आणि सगळ्या पाहुण्यांच्या देखत पाटीनं वाचलं: “सत्यजित इंगवले यांनी आतली खोली मोठ्या भावाला कायम वापरासाठी दिली आहे. नोंद झाली.” पाहुणे हसले. दादा हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावून पाटी पुन्हा वाचली.

पंधरवड्यानं त्यांचा फोन आला, सामान बांधलंय, वहिनीला घेऊन येतोय.

“नाही म्हणून सांगा,” गौतमी म्हणाली. संध्याकाळची वेळ होती, गॅसवर दूध होतं, आणि पार्किंगमध्ये जायचं भान दोघांनाही राहिलं नाही.

“कसं सांगू? भिंतीवर नोंद हाय. आणि थोरला भाऊ हाय तो.”

“आईची खोली होती ती.”

“आई येऊ दे की. हॉलमध्ये दिवाण टाकू.”

“माझी आई हॉलमध्ये? येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत?” गौतमीचा आवाज चढला. “मी घर घ्यायचं, मी बिल्डरशी भांडायचं आणि खोली तुमच्या दादांना? नको मला हे घर. माझा हक्क सोडला मी. ऐकलंत? या घरावरचा हक्क सोडला! राहा तुम्ही भाऊ भाऊ. मी चाललो. सोडून जातो मी!”

“जा की मग,” सत्यजित म्हणाला.

तिनं पायांत चपला सरकवल्या आणि दाणदाण जिना उतरली. घरातून निघताना कधी ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे आईनं तिला इतक्या वेळा शिकवलं होतं, आणि आज तिनं मुद्दाम, ठासून ‘जातो’ म्हटलं होतं. खाली कुणाच्या तरी स्कूटरवर ती रडत बसली. मग दूध आठवलं आणि धावत वर आली.

दूध उतू गेलं होतं. सत्यजित पाटीसमोर उभा राहून पोट धरून हसत होता.

“वाच,” तो म्हणाला. “वाच काय लिहिलंय.”

पाटीवर लिहिलं होतं: “सत्यजित इंगवले यांनी या घरावरचा आपला हक्क सोडला आहे. तो गौतमी इंगवले यांच्याकडे जाईल. सुनावणीची तारीख कळवली जाईल.”

‘हक्क सोडला’ एवढ्यावरून बाई बोलली का बुवा ते कळत नाही, कारण तिथं क्रियापद हक्काच्या मागं जातं. भिंत त्यासाठी पुढच्या शब्दांपर्यंत थांबली. पुढं आलं ‘चाललो’. मग आलं ‘जातो’. भिंतीची खात्री पटली, हा पुरुष बोलतोय आणि या घरातला पुरुष सत्यजित. पुस्तकांनी तिला कोल्हापूरच्या बायका शिकवल्याच नव्हत्या.

गौतमीही हसली. त्या संध्याकाळी दोघांनी दूध पुसता पुसता हसून घेतलं, आणि भांडण मिटल्यासारखं झालं. ते त्यांचं एकत्र असं शेवटचं हसणं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं पार्किंगमध्ये बोलत होते. एव्हाना दोघांच्याही लक्षात आलं होतं की ही नुसती गंमत नाही.

“सुनावणीला सांगून टाक, तू बोललीस म्हणून,” सत्यजित म्हणाला.

“मग माझा हक्क जाईल. नोंद फिरून माझ्या नावावर येईल.”

“येऊ दे की. मी परत लिहून देतो तुला. कागदाचं काय एवढं? घर तुझंच हाय की.”

तो हे मनापासून म्हणाला होता. सत्यजितच्या पोटात पाप नव्हतं, हे लिहिलंच पाहिजे. पण ते शब्द गौतमीनं आधी ऐकले होते, त्याच क्रमानं, तशाच प्रेमळ आवाजात, आणि त्या दिवशी तिच्या हातात पेन होतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि तिला त्याच्या जागी भाऊ दिसला, त्याच्यामागं चष्मा लावून पाटी वाचणारे दादा दिसले.

“सांगशील नव्हं?” त्यानं विचारलं.

“सांगतो की,” गौतमी म्हणाली. पार्किंगमध्ये भिंत नव्हती, तेव्हा या वचनाची नोंद कुठंच झाली नाही.

सुनावणी कायद्याप्रमाणे घरातच, भिंतीपुढं होती. पुण्याहून निवाडा अधिकारी आल्या, मीनल सबनीस नावाच्या, शांत आणि नीटनेटक्या. चहा नको म्हणाल्या, पाणी घेतलं. वाद फक्त भिंत आणि मालक यांच्यातला. शेजारीपाजारी, नातेवाईक यांची साक्ष तिथं चालत नसे. माणसांच्या साक्षींना कंटाळूनच तर भिंती उभ्या केल्या होत्या.

“मॅडम, ते मी बोललोच नाही,” सत्यजित म्हणाला. “ही बोलली. आमच्याकडं बायका अशाच बोलतात. आलो, गेलो, जातो. तुमच्या मशीनला ते म्हाईत न्हाई.”

बाईंनी भुवया उंचावल्या. त्या हसल्या नाहीत, पण हसू आवरताना दिसल्या. “बायका स्वतःला ‘जातो’ म्हणतात?”

“म्हणतात की! तिलाच विचारा. तीच सांगेल.” आणि तो गौतमीकडं वळला. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. बायको बोलली की संपलं, असा निवांत होता तो.

गौतमी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. निकालापर्यंत दादांना थांबवलं होतं; खोली रिकामीच होती, जमिनीवर उन्हाचा चौकोन पडला होता. तिथं आईची कॉट येईल, नाहीतर दादांची ट्रंक येईल. खरं बोलली तर हक्क गेला, आणि पुढं सगळं एका भल्या माणसाच्या शब्दावर. भला माणूस भावापुढं किती भला राहतो हे तिनं वास्तुशांतीलाच पाहिलं होतं. तिला सत्यजितची दया आली, स्वतःची लाज वाटली, आणि तरी तिनं अंगात आणला तो माईकसमोरचा ताठ कणा.

“मी अशी बोलत नाही,” ती म्हणाली. एकेक शब्द सुटा, स्वच्छ, स्टँडवर सांगलीची गाडी पुकारावी तसा. “मी बसस्थानकावर नोकरी करते. मी रोज सायंकाळी घरी येते. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. मी काहीही म्हणाले नाही.”

पाटीनं हिरवी अक्षरं उमटवली: “बोलणारी व्यक्ती: स्त्री. गौतमी इंगवले.”

सत्यजित हळूच म्हणाला, “स्टँडवरच्या आवाजात बोललीस तू.”

भिंतीनं आवाज पुसला आणि शब्द ठेवले. त्याला ऐकू आलेलं त्या घरात दुसऱ्या कुणालाही ऐकू आलं नाही.

निकाल तिथंच झाला. सत्यजितचा हक्क गेला, त्यानं दिलेल्या परवानग्याही गेल्या, म्हणजे दादांची खोली गेली. रागात माणूस काहीही बोलतो एवढी समज मात्र कायदा करणाऱ्यांना होती, म्हणून त्यांनी वर्षभराची परतीची मुदत ठेवली होती. सबनीसबाईंनी ती समजावून सांगितली. सत्यजितला घरात घ्यायचं का नाही हे गौतमीच्या हातात. पण तो घरात परत आल्याचं भिंतीला कळलं, तर भिंत गौतमीला विचारेल, हरकत आहे का? हरकत घेतली तर त्या स्वतः पुन्हा येऊन घरातल्या प्रत्येकाचं बोलणं ऐकतील. हरकत घेतली नाही तर त्याचा हक्क त्याला परत मिळेल.

सत्यजितनं बॅग भरली. चपला घालून तो उंबऱ्यावर उभा राहिला. त्याच्या मनात आलं असतं तर तो ओरडला असता, हात उगारला असता, आणि गौतमीला ते सोपं गेलं असतं. त्यानं पाटीकडं बघून स्पष्ट सांगितलं, “जातो.” आणि गेला.

दादांनी फोनवर काय काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही.

आता घर गौतमीचं. एकटीचं, वरपासून खालपर्यंत. तिनं आतल्या खोलीत कॉट आणली, नवी चादर घातली, आईसाठी भिंतीला धरायला दांडी बसवून घेतली. आणि कॉटकडं बघत असतानाच तिच्या लक्षात आलं की वर्षाची मुदत संपेपर्यंत आईला इथं आणता येणार नाही. आई दारातूनच हाक मारणार, “आलो गं गौतमी!” भिंतीला वाटणार सत्यजितच आला, आणि ती विचारणार. मग एकतर निम्मं घर जाणार, नाहीतर सबनीसबाई येणार, आईचं बोलणं ऐकणार आणि दोन मिनिटांत सगळं ओळखणार.

तिनं आईला शिकवायचा प्रयत्न केला. इचलकरंजीला गेली, आईला बागेत नेलं, बाकावर बसवलं. “आई, नव्या घरात आलीस की ‘आले’ म्हणायचं. ‘बसते’ म्हणायचं, ‘जेवते’ म्हणायचं.”

आई आधी हसली. “नाटकात काम करायचंय व्हय मला?”

“म्हणून तर बघ. मी येते.”

“मी येत...” आई अडखळली. सत्तरी ओलांडलेली बाई, ती जीभ वळवून बघत राहिली, आणि मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. “माझी लाज वाटती व्हय तुला? सोसायटीतल्या बायकांत?”

“तसं नाही आई. मी तसं म्हणाले नाही.”

“‘म्हणाले’,” आई तिच्याकडं बघतच राहिली. “कोणाशी बोलायलीस तू? परक्याच्या घरी आल्यावानी बोलायलीस.”

गौतमीच्या तोंडून ते सहज निघालं होतं. सवय लागावी म्हणून ती आता बाहेरही तसंच बोलायची. स्टँडवरच्या मैत्रिणी चेष्टा करायच्या, ‘मॅडम पुण्याला बदली झाली काय?’ घरात तर ती शक्यतो बोलतच नव्हती. पायाला ठेच लागली तरी ओठ मिटून घ्यायची, न जाणो ‘मेलो’ निघायचं. जिच्यासाठी एवढं भांडण केलं त्या भिंतीच्या धाकात ती राहत होती, आणि मनातल्या मनात तिला शिव्या घालत होती. पुढं आईचा फोन आला की ती काहीतरी सबब सांगायची. रंग चाललाय. लिफ्ट बंद आहे. पुढच्या महिन्यात ये.

मग एका रविवारी दुपारी फोन वाजला.

“गेटवर हाय मी,” आई म्हणाली. “तुझं घर बघाय आलोय. लाडू आणल्यात.”

गौतमीनं फोन कानाशी दाबून धरला. “कशी आलीस? एकटीच?”

“यष्टीनं. मग रिक्षानं. हा वॉचमन म्हणतोय, वरनं सांगितल्याबगर सोडत न्हाई.” मागं वॉचमनचा आवाज येत होता. “सांग की त्याला.”

गौतमीचं लक्ष पाटीकडं होतं. काय सबब सांगावी? फोनवर आईचा श्वास ऐकू येत होता, चढ चढून आल्यासारखा. खिडकीतून खाली गेट दिसत होतं. उन्हात एक ठेंगणी बाई उभी होती, डोक्यावर पदर, हातात डबा, आणि ती इमारतीचे मजले मोजत असावी तशी मान वर करून बघत होती.

“काय झालं? न्हाई ना सोडायचं?” आई म्हणाली. मग जरा थांबून, अगदी शांतपणे, “ऱ्हाऊ दे. आधीच सांगायचं होतंस. डबा ह्याच्यापाशी ठेवतो. मी जातो.”

जातो. आई ‘येतो’ म्हणाली नाही. जन्मभर जिनं तो शब्द उंबऱ्याबाहेर ठेवला होता, तिनं लेकीच्या दारात येऊन तो उच्चारला, आणि गौतमीच्या डोक्यात काहीतरी फाटल्यासारखं झालं.

“आई! थांब! जाऊ नकोस!” ती ओरडली. “आलो! आलो मी आई, हे बघ, आलोच!”

ती दाराकडं धावली. एक चप्पल पायात गेली होती, दुसरी कॉटखाली होती, आणि पाटी उजळली.

“सत्यजित इंगवले घरी परत आले आहेत,” गोड आवाज म्हणाला. “गौतमी इंगवले, आपली हरकत असल्यास आत्ता सांगावी.”

गौतमी उंबऱ्यावर थबकली. तीन शब्दांचं काम होतं. ‘माझी हरकत आहे’ म्हणायचं. मग पुन्हा सबनीसबाई, पुन्हा तो ताठ कणा, पुन्हा ते स्वच्छ सुटे शब्द, आणि या वेळी शेजारी आई बसलेली, लेक कोणाच्या तोंडानं खोटं बोलतेय ते बघत. सत्यजित परत येईल की नाही कोण जाणे. बहुतेक येणार नाही. निम्मं घर घेईल, दादांना आणून बसवेल, आणि तिच्याशी जन्मात बोलणार नाही. ते त्याला शोभेलच.

फोनमधून आईचा आवाज आला, “कोण बोलतंय गं तिथं? कोण आलंय?”

“कोण न्हाई, आई. मीच आलो,” गौतमी म्हणाली. किती महिन्यांनी तिची जीभ तोंडात नीट बसली होती.

“हरकत असल्यास,” पाटीनं पुन्हा सुरू केलं, “आत्ता...”

“आलो म्हणून सांगितलं नव्हं एकदा?” ती भिंतीवर खेकसली, आणि दार सताड उघडं टाकून, एकाच चपलेनं, आईला आणायला जिना उतरू लागली.